पायरीला टाकी लावा

पावसाळा लागला की कोकणातल्या घराघरांतून एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते. "जपून हं, पायरी निसरडी झालीय." पाहुणा अंगणातून वर येऊ लागला की यजमान ओटीवरून हेच सांगतो. मूल शाळेला निघाले की आई हेच सांगते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण मंडळी, जरा विचार करा. पायरी निसरडी होते हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गेल्या वर्षीही ठाऊक होते आणि त्याच्या आदल्या वर्षीही होते. घराचे छप्पर गळू लागले तर आपण पाहुण्याला "जपून बसा, इथं गळतं" एवढेच सांगून स्वस्थ बसत नाही. वैशाखात घर शाकारून घेतो. मग पायरीच्या बाबतीतच सगळा भार चालणाऱ्याच्या पायावर का टाकायचा?

मी बोलतो आहे ते बाहेरच्या पायऱ्यांबद्दल. अंगणातून ओटीवर चढायच्या, मागल्या दाराने विहिरीकडे उतरायच्या, पाणंदीतून घराकडे वर येणाऱ्या घाटीच्या. ज्यांच्यावर चार महिने आकाश मोकळे असते, त्या पायऱ्या.

पडणे ही गोष्ट आपल्याकडे फार हलकी मानतात. कोणी घसरून पडले की बघणाऱ्याला आधी हसू येते, मग तो हात द्यायला धावतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. जी वाचतात त्यांतल्या कित्येकांचे मनगट जाते. पडताना माणूस हात पुढे करतो, सगळे वजन तळहातावर येते आणि मनगटाजवळचे हाड मोडते. अब्राहम कोलिस नावाच्या डब्लिनच्या शस्त्रवैद्याने १८१४ साली या मोडीचे वर्णन लिहिले, तेव्हापासून डॉक्टर लोक तिला त्याच्याच नावाने ओळखतात. मनगट निदान सांधते तरी. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर अंथरुणावरून उठणे कठीण होते.

आमच्या वाडीत एका घरच्या आजी श्रावणात विहिरीवरून कळशी घेऊन येताना पडल्या. खुबा मोडला. भेटायला येणारे जाणारे सगळे एकच बोलत होते, "वय झालं हो आता, कशाला जायचं विहिरीवर?" मी त्या पायऱ्या जाऊन पाहिल्या. पाचपैकी तिसऱ्या पायरीवर मागच्या पडवीच्या पागोळ्या नेमक्या पडत होत्या आणि त्या पायरीवर हिरव्या मखमलीसारखा थर चढला होता. आजींच्या वयाचा विचार सगळ्यांनी केला, तिसऱ्या पायरीचा कोणी केला नाही. पुढे त्याच पायरीवर घरातली सून दोनदा घसरली. तिचे वय तीस.

तेव्हा आधी हे शेवाळ म्हणजे काय ते पाहू. पायरीवर जो हिरवा बुळबुळीत थर दिसतो तो अतिसूक्ष्म वनस्पतींचा असतो. उन्हाळ्यात दगडावर जे काळे डाग दिसतात, ते आपल्याला वाटते मळाचे आहेत. पुष्कळदा ते नील-हरित शैवालाचे असतात. हा जीव मोठा चिवट. उन्हात वाळून त्याचा खपला होतो, पण तो मरत नाही. पहिल्या पावसाचे पाणी मिळाले की पुन्हा जागा होतो. त्याच्या भोवती एक चिकट आवरण असते. ते पाणी शोषून फुगते आणि त्यावर पाय पडला की साबणावर पडल्यासारखा सरकतो. म्हणून मिरगाच्या पहिल्या सरीनंतर, अजून हिरवे काही दिसत नसतानाच, माणसे घसरतात. पायरी वरून नुसती काळसर दिसते आणि आपण निर्धास्त पाऊल टाकतो.

या जीवाला जगायला थोडा उजेड, थोडी माती आणि पुष्कळ ओल लागते. उजेड आपण काढून घेऊ शकत नाही. राहिली माती आणि ओल. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा पायरी ओली होणारच. ओली होण्याला इलाज नाही. ओली राहण्याला मात्र आहे, आणि सगळी युक्ती इथेच आहे.

एखाद्या उघडिपीच्या दिवशी पायऱ्यांजवळ अर्धा तास उभे राहून बघा. पाऊस थांबल्यावर कुठली पायरी लवकर सुकते आणि कुठली सुकत नाही? न सुकणाऱ्या पायरीचे कारण बहुधा डोळ्यांसमोरच असते. पागोळी पडत असते. बाजूच्या गडग्यातून पाणी झिरपत असते. जास्वंदीची फांदी वर ओणवलेली असते. किंवा पायरी मधोमध झिजून तिची वाटी झालेली असते आणि त्या वाटीत पाणी साचलेले असते. पागोळीला पन्हळ हा उपाय. पत्र्याची घ्या, प्लॅस्टिकच्या नळाची उभी चिरलेली घ्या, नाहीतर पोफळीची घ्या. पण पायऱ्यांच्या रुंदीएवढा भाग तरी पन्हळीखाली आलाच पाहिजे, आणि पन्हळीचे पाणी पायऱ्यांपासून दूर पडले पाहिजे. पन्हळ लावून तिचे तोंड शेवटच्या पायरीवरच सोडणारी घरेही मी पाहिली आहेत! गडग्याचे पाणी वरच्या बाजूला एक हातभर खोल चर मारून वळवता येते. फांदी छाटायला तर कोयतीचा एक घाव पुरे.

नवी पायरी बांधत असाल तर तिला पुढच्या बाजूला किंचित उतार द्यायला गवंड्याला सांगा. एक फूट रुंदीच्या पायरीला एक ते दोन सूत उतार भरपूर झाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढा उतार पायाला जाणवत नाही, पण पाण्याला जाणवतो. याहून जास्त देऊ नका, नाहीतर पायरीची घसरगुंडी व्हायची. आणि उतार मागच्या बाजूला चुकूनही नको, कारण मग पाणी पायरीच्या पोटाशी साचते.

आता पृष्ठभागाकडे येऊ. आपल्या आजी-पणजींना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, वरवंटा नुसता सरकत राहतो. मग पाथरवट दारावर आला की त्याला बसवून पाट्याला आणि जात्याला टाकी लावून घ्यायची. टाकीचे ते बारीक बारीक घाव पडले की दगड पुन्हा धरू लागतो. पायरीचेही अगदी हेच आहे. वर्षानुवर्षे माणसांचे तळवे तिच्यावर वरवंट्यासारखे फिरत असतात. ती गुळगुळीत होते आणि पाऊल सरकू लागते. गंमत अशी की पाट्याला टाकी लावणाऱ्या घरात पायरीला टाकी लावायचे कोणाच्या मनात येत नाही. खडबडीत दगडाचे बारीक उंचवटे पाण्याचा पातळ थर भेदून तळव्याला भिडतात. गुळगुळीत दगडावर तळवा आणि दगड यांच्यामध्ये पाणीच राहते. सगळा फरक एवढाच.

काळ्या दगडाला टाकी उत्तम बसते. जांभ्याचे थोडे निराळे आहे. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजी अंमलातल्या अधिकाऱ्याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटेराइट' असे नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना मऊ, आणि वारा लागला की कठीण होणारा असा हा दगड. मुळात तो खरबरीत असतो, म्हणून नव्या चिऱ्यावर पाय चांगला ठरतो. पण त्याच्या छिद्रांत पाणी आणि माती दोन्ही धरून राहतात, तेव्हा शेवाळाला तो फार मानवतो. शिवाय तो मधोमध झिजतो. झिजलेल्या चिऱ्यावर घाव घालत बसण्यापेक्षा तो उपटून पालथा घालावा. खालची बाजू बहुधा कोरीच निघते. एका गड्याचे दिवसभराचे काम, आणि नव्या चिऱ्यांचा खर्च वाचतो.

झिजलेल्या जांभ्यावर सिमेंटचा गिलावा करून घेण्याची हल्ली पद्धत पडली आहे. त्याला माझी ना नाही. पण एक लक्षात ठेवा. गवंड्याला काम गुळगुळीत घोटून देण्यात अभिमान वाटतो. आरशासारखा कोबा करून दिला की तो मागे सरकून मान वाकडी करून बघतो, आपणही खूश होतो. आत, माजघरात, तो कोबा शोभेल. बाहेरच्या पायरीवर त्याला घोटू देऊ नका. वरचे पाणी जिरले आणि अंगठा दाबला तर जेमतेम ठसा उठतो, अशा वेळी त्यावरून हिरांचा खराटा एका हाताने एकदाच ओढायचा. पायरीच्या लांबीला धरून, म्हणजे पावलाला आडवा. त्याच्या बारीक रेघा उमटतात. कडेपासून इंचभर आत सुतळी दाबून दोन-तीन खाचा पाडल्या तर आणखी चांगले, कारण उतरताना पाऊल पडते ते या कडेवरच. खाचांची तोंडे दोन्ही टोकांना मोकळी ठेवा, म्हणजे त्यांत चिखल साचणार नाही. मग निदान सात दिवस त्यावर पाणी मारायचे. हे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकले पाहिजे. आगोटीच्या इतर कामांबरोबर ते जूनवर ढकलले की राहिलेच म्हणून समजा.

फरशीविषयी बोलायचे तर आपण सौंदर्याला भुलतो. मुंबईहून मुलगा पैसे पाठवतो, घराला नवे रूप येते आणि दर्शनी पायऱ्यांवर चकचकीत ग्रॅनाइट किंवा काचेसारखी टाइल बसते. उन्हाळ्यात फोटो छान येतो. आषाढात त्याच पायऱ्यांवर गोणपाट टाकावे लागते. शहाबादी फरशी घ्यायची तर पॉलिश न केलेली घ्यावी. ग्रॅनाइट हवाच असेल तर तोंडावर ज्योत मारून खरबरीत केलेला मिळतो. ज्योतीच्या उष्णतेने त्यातली गारेची खडी फुगून वरचे कण उडतात आणि पृष्ठभाग धरणारा होतो. बसवून झालेल्या गुळगुळीत ग्रॅनाइटला ग्राइंडरने खाचा पाडून घेता येतात. चिकटवायच्या खरबरीत पट्ट्या बाजारात मिळतात त्या घरातल्या जिन्याला बऱ्या. उघड्यावरच्या सततच्या पावसात त्यांच्या कडा सुटतात, आणि सुटलेली पट्टी पायात अडकते ते वेगळेच.

गोणपाटाचे नाव निघाले म्हणून सांगतो. सुटे गोणपाट हा उपाय नाही. ते पायाबरोबर स्वतःच घसरते आणि त्याच्याखाली पायरी कधी सुकत नाही. चार दिवसांनी उचलून पाहा, खाली शेवाळाचे शेत पिकलेले असते. सुटी वाळूही तशीच. गुळगुळीत फरशीवर तिचे कण मोहरीसारखे घरंगळतात. वाळू वापरायची तर ती रंगात बसवा. ऑइल पेंटचा हात ओला असतानाच त्यावर चाळलेली कोरडी वाळू भुरभुरायची, वाळल्यावर झाडायची आणि वरून पातळ हात द्यायचा. नुसता ऑइल पेंट मात्र पायरीला कधीही लावू नये. गणपती येणार म्हणून पायऱ्या तांबड्या चकचकीत रंगवायच्या आणि भर भाद्रपदात पाहुण्यांना त्यांवरून चढवायचे, याला काय म्हणावे!

तुमच्या पायऱ्या आजच हिरव्या झाल्या असतील तर आधी त्या घासल्याच पाहिजेत. कोरडी राख आणि नारळाचे सोडण हे जुने साधन अजूनही कामाचे आहे. त्याने भागले नाही तर ब्लीचिंग पावडर. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम पुरे. उघडिपीचा दिवस बघा, भर पावसात ओतलेली पावडर नुसती वाहून जाते. पाणी पायरीवर पसरून पंधरा-वीस मिनिटे राहू द्या, मग ताठ ब्रशने वरच्या पायरीपासून खाली घासत या आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. हातात रबरी मोजे आणि पायात काहीतरी हवे. विहिरीकडे आणि तुळशीकडे ते पाणी जाऊ देऊ नका.

इथे एक धोक्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड ही दोन्ही एकत्र कधीही करू नका, एकापाठोपाठ एकही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला तोच हा वायू. आणि ॲसिड तसे एकटे टाकले तरी ते सिमेंट खाते आणि शहाबादी फरशीही खाते, कारण ती चुनखडीचीच असते. शेवाळ जाते, त्याबरोबर पायरीही जाते.

आता मापांविषयी. पायऱ्या सम असाव्यात की विषम यावर आपल्याकडे घरोघर वाद होतो. त्यात मी पडत नाही. पण सगळ्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या असाव्यात याबद्दल वाद नसावा. दोन पायऱ्या उतरल्या की पायाला उंची पाठ होते, तिसरी पायरी अर्ध्या इंचाने जरी चुकली तरी तोल जातो. अंगणात दर वर्षी भर घालतो, नाहीतर नवी फरशी बसवतो, त्यामुळे सगळ्यात खालची पायरी हळूहळू ठेंगणी होत जाते आणि ती ध्यानातही येत नाही. फ्रान्स्वा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुकाराने १६७५ साली एक सोपा हिशेब सांगून ठेवला आहे. उंचीची दुप्पट अधिक रुंदी ही बेरीज माणसाच्या एका पावलाच्या टाकेएवढी यावी. आपल्या मापात ती साठ ते पासष्ट सेंटिमीटर धरा. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या घरासाठी पायरी २५ सेंटिमीटरहून अरुंद नको आणि १९ सेंटिमीटरहून उंच नको असे दिले आहे. बाहेरच्या, पावसातल्या पायरीला मी म्हणेन तीस रुंद आणि पंधरा उंच. जागा थोडी जास्त जाते, पण पूर्ण पाऊल टेकते. चिऱ्याच्या पायऱ्यांत चिरा आडवा बसवला की उभा, यावर उंची ठरते. तेवढे काम सुरू होण्याआधी गवंड्याशी बोलून घ्या.

कठडा तर हवाच. कमरेइतका, म्हणजे सुमारे नव्वद सेंटिमीटर उंच. मुठीत मावेल असा, चार सेंटिमीटर जाडीचा नळ किंवा तासलेला वासा. शेवटच्या पायरीच्या पुढे वीतभर तरी जाणारा, कारण माणूस शेवटच्या पायरीवरच गाफील होतो. दोरी बांधू नका, ती झोल खाते आणि नेमक्या वेळी दगा देते. पण कठड्यावर सगळी मदार ठेवता येत नाही, हे मला विशेष करून सांगायचे आहे. आपल्या घरांत पायऱ्या उतरणाऱ्याचे हात मोकळे असतात कुठे? बाईच्या कमरेवर कळशी असते किंवा कडेवर मूल असते. गड्याच्या डोक्यावर गवताचा भारा असतो. पावसात एका हातात छत्री तर असतेच. ज्याचे दोन्ही हात गुंतलेले आहेत आणि ज्याला स्वतःचे पाऊल दिसत नाही, अशा माणसासाठी पायरी बांधायची असते. त्याला ती धरते की नाही, ही तिची परीक्षा.

संध्याकाळी कडा दिसण्यासाठी प्रत्येक पायरीच्या टोकाला दोन बोटे रुंद पांढरी रेघ ओढून घ्या. चुन्याची रेघ पहिल्या झडीत धुऊन जाते, म्हणून पांढऱ्या सिमेंटात थोडी वाळू कालवून ती भरावी. दिवा असा लावा की उतरणाऱ्याची सावली त्याच्याच पुढच्या पायरीवर पडणार नाही. माणसाच्या पाठीमागे, ओटीच्या आढ्याला टांगलेला दिवा नेमके हेच करतो.

ओढ्यावरच्या साकवाला किंवा माचीला लाकडी पायऱ्या असतील तर त्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याची लोखंडी जाळी ताणून खिळ्यांनी घट्ट ठोकून घ्या. ओल्या फळीवर याहून स्वस्त आणि चांगला उपाय नाही. जाळीचे टोक वर आले की तेवढे लगेच बसवत जा, नाहीतर तळवा फाटायचा.

राहता राहिली विसर्जनाची वाट. मूर्ती उचललेल्या माणसाला पुढचे काही दिसत नाही, हात मोकळे नाहीत, पायात चप्पल नाही, आणि भोवती गर्दी. म्हणून घरापासून पाण्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या चतुर्थीच्या आधी चार दिवस घासून घ्या आणि विसर्जनाच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाहा. एकाने दिवा घेऊन पुढे चालावे आणि पायरी आली की मोठ्याने सांगावे. नदीच्या काठच्या, तसेच खाडीत भरतीच्या रेषेखालच्या पायऱ्या बारा महिने शेवाळलेल्याच असतात. पाण्याखालच्या पायरीवर विश्वास टाकू नका. दोघा-तिघांनी आधी काठीने तळ चाचपत पाण्यात उतरून उभे राहावे, काठावरच्या झाडाला बांधलेला दोर हाताशी ठेवावा, आणि मूर्ती आणणाऱ्याने शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबून ती त्यांच्या हातात द्यावी.